भिंतीत गाडलेली केबल आणि पीएस५ : एका हॉलचं प्रकरण

टीव्ही ५५ इंची ओएलईडी, १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा. गेम खेळायचा कन्सोल प्लेस्टेशन ५, म्हणजेच पीएस५. दोन्ही नवे, दोन्ही ठणठणीत. तरी खेळता खेळता मध्येच पडदा दोन-तीन सेकंद काळा पडायचा आणि आपोआप परत यायचा. शिवाय १२० हर्ट्झ काही केल्या चालू होत नव्हतं. टीव्हीच्या खोक्यावर ते ठळक छापलेलं, आणि कन्सोल म्हणत होता की जोडलेलं उपकरण ६० हर्ट्झच घेतं.

घर पुण्यातल्या एका नव्या सोसायटीतलं. काका नुकतेच निवृत्त झालेले, मुलगा इंजिनिअरिंगला. घरोघरी टीव्ही आणि साउंड बसवून देण्याच्या माझ्या कामात असे फोन बरेच येतात. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगं वाटलं, कारण यात केबल निवडताना जे जे आडवं येतं ते सगळं एकाच हॉलमध्ये जमा झालं होतं.

मला बोलावण्याआधी मुलाने एक केबल मागवून पाहिली होती. ३ मीटरची, वर विणलेलं आवरण, टोकांना सोनेरी मुलामा, पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘८के’. ती लावून फरक शून्य. काकांचा प्रश्न सरळ होता: “एवढ्या पैशांची वायर आणली, मग चित्रात काडीचा फरक का नाही?”

फरक पडणार नव्हताच, कारण ती केबल मुळात चुकीच्या जागी लागली होती. ते समजायला आधी जोडणी पाहावी लागते.

जोडणी कशी होती

टीव्हीखालचं युनिट म्हणजे भिंतीवर अधांतरी बसवलेली एक फळी. दिसायला सुरेख, खोली जेमतेम ९ इंच. आता पहिल्या पिढीचा पीएस५ हा ३९ सेंटिमीटर उंच आणि २६ सेंटिमीटर खोल. या फळीवर तो उभा राहिला तरी पुढे डोकावणार आणि आडवा ठेवला तर साउंडबारला जागा उरत नाही. म्हणून इंटीरिअर करणाऱ्यांनी सगळी यंत्रं, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, राउटर, कन्सोल, जेवणाच्या टेबलामागच्या कपाटात नेऊन ठेवली होती. तिथून टीव्हीपर्यंत भिंतीच्या आतल्या पाइपातून दोन एचडीएमआय केबल, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या, ओढलेल्या. प्लास्टरच्या वेळीच, टीव्ही घ्यायच्या कितीतरी आधी.

त्यातली एक सेट-टॉप बॉक्सची. ती थेट टीव्हीला. दुसरी कन्सोलची: कपाटातून निघून भिंतीतून १० मीटर, मग साउंडबारच्या इनपुटमध्ये, आणि साउंडबारच्या आउटपुटमधून टीव्हीत. मुलाने आणलेली ‘८के’ केबल लागली होती ती या शेवटच्या टप्प्यात, साउंडबार आणि टीव्ही यांच्यामध्ये. बदलायला तेवढीच हाताला लागत होती, बाकीची भिंतीत.

गच्चीवरची टाकी कितीही मोठी बांधली तरी मधला पाइप अर्धा इंची असेल तर नळाला धार तेवढीच. इथे मधले दोन टप्पे तसे अरुंद होते आणि नवी केबल लागली होती नळाच्या तोंडाशी.

“पण सेट-टॉप बॉक्स व्यवस्थित चालतो की,” काकांनी मुद्दा काढला. “त्याची आणि कन्सोलची केबल एकच, एकाच दुकानातून आणलेली.” बरोबर आहे. हाच युक्तिवाद बहुतेक घरांत ऐकू येतो आणि त्यामुळेच केबलवर संशय जात नाही. फरक मागणीत आहे. सेट-टॉप बॉक्स १०८० रेषांचं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवतो. त्याला केबलमधून सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट इतकीच माहिती जावी लागते. कन्सोल ४के चित्र, म्हणजे त्याच्या चौपट ठिपक्यांचं, सेकंदाला ६० वेळा पाठवतो तेव्हा तोच आकडा १७.८२ गिगाबिटवर जातो. चौपट. एकसारख्या दोन केबल, एकीवर चौथा हिस्सा भार आणि दुसरीवर पूर्ण. पहिली चालते यावरून दुसरीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आधी स्टूल, मग खरेदी

अशा वेळी काही विकत घेण्याआधी एक गोष्ट करायची असते आणि ती फुकट आहे. कन्सोल कपाटातून काढायचा, टीव्हीशेजारी स्टूलवर ठेवायचा, आणि कन्सोलच्या खोक्यातच आलेली छोटी केबल थेट टीव्हीला लावायची. साउंडबार नाही, भिंत नाही, मधे कोणी नाही. पीएस५सोबत येणारी केबल ही ‘अल्ट्रा हाय स्पीड’ वर्गातलीच असते, म्हणजे सेकंदाला ४८ गिगाबिट वाहून नेण्यासाठी तपासलेली. अनेक घरांत ती खोक्यातच पडून असते आणि लोक जुन्या प्लेयरची केबल लावून बसतात. इथेही ती तशीच, पिळ्यासकट, खोक्यात सापडली.

लावली. काळा पडदा थांबला. १२० हर्ट्झ मात्र अजूनही नाही.

हे टीव्हीच्या बाजूचं. चार एचडीएमआय पोर्टांपैकी चारही सारखी असतात असा समज आहे. पुष्कळ टीव्हींत १२० हर्ट्झ घेणारी पोर्ट दोनच असतात आणि त्यांच्याशेजारी बारीक अक्षरांत तसं छापलेलं असतं. भिंतीला चिकटून बसवलेल्या टीव्हीमागे ते वाचायचं म्हणजे मोबाइलचा कॅमेरा आत सरकवून फोटो काढायचा. या टीव्हीत तिसरं आणि चौथं पोर्ट तसं होतं. त्यातलं तिसरं हेच साउंडबारसाठीचं ईआर्क पोर्ट, म्हणजे टीव्हीतला आवाज साउंडबारकडे पाठवणारं. ही रचना बऱ्याच टीव्हींत आढळते आणि घरात दोन कन्सोल असतील तर भांडणाचं मूळ ठरते. इथे एकच होता, तो चौथ्यात गेला.

तरी नाही. कारण प्रत्येक पोर्टाचं एक सेटिंग असतं आणि कारखान्यातून ते बहुधा जुन्या, सुरक्षित पातळीवर ठेवलेलं येतं, जुनी उपकरणं बिघडू नयेत म्हणून. सोनीच्या टीव्हीत ते ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ या नावाने सापडतं, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘डीप कलर’. नाव काही असो, ते त्या पोर्टापुरतं चालू करावं लागतं. केल्यावर पीएस५च्या ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’मधल्या ‘व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन’ या पानावर, जोडलेला टीव्ही काय काय घेतो त्या यादीत १२० हर्ट्झ उमटलं. या पानाबद्दल एवढंच लक्षात ठेवायचं की ते क्षमता सांगतं. प्रत्यक्ष १२० हर्ट्झ सुरू होतं ते तसा गेम चालवल्यावर, आणि तेव्हा टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबून खात्री करायची. मुलाने त्याचा नेमबाजीचा गेम लावला, टीव्हीवर ‘३८४० बाय २१६०, १२० हर्ट्झ’ आलं आणि त्याने स्टूलशेजारी जमिनीवरच बसकण मारली.

म्हणजे टीव्ही बरा, कन्सोल बरा. दोष मधल्या दोन टप्प्यांत. आता एकेक करून ते परत जोडायचे.

साउंडबार मधे घातला, छोट्या केबलनेच. ६० हर्ट्झवर चित्र स्थिर, पण यादीतून १२० गायब. कारण असं की कन्सोल टीव्हीला थेट विचारत नाही. तो पुढच्या उपकरणाला विचारतो, आणि मधला साउंडबार स्वतःच्या पात्रतेत बसेल तेवढंच टीव्हीच्या नावाने पुढे सांगतो. या साउंडबारची पात्रता होती १८ गिगाबिटची, म्हणजे एचडीएमआय २.० च्या काळातली. ६० हर्ट्झच्या ४के चित्राला पुरेशी, १२० ला अपुरी. त्याच्या मागे-पुढे कितीही उंची केबल लावली तरी तो खोटं बोलणार नाही.

मग भिंतीतली केबल, साउंडबार वगळून. काळा पडदा परत आला.

‘४के’ छापलेली केबल

टीव्हीमागे भिंतीतून बाहेर आलेल्या टोकावर छपाई वाचता आली: ‘हाय स्पीड’, आणि पुढे ‘४के’. इलेक्ट्रिशियनने फसवलं असं काकूंचं म्हणणं होतं. मला तसं वाटत नाही. एचडीएमआयच्या अधिकृत वर्गवारीत ‘हाय स्पीड’ केबल १०.२ गिगाबिटपर्यंतची. ४के चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचं तर ८.९१ गिगाबिट लागतात. तेव्हा ‘४के’ हा शब्द खोटा नाही, फक्त तो सेकंदाला ३० चित्रांचा ४के आहे, आणि ते कोणी छापत नाही. त्यावरची पायरी ‘प्रीमियम हाय स्पीड’, १८ गिगाबिट. त्यावरची ‘अल्ट्रा हाय स्पीड’, ४८. ‘एचडीएमआय २.१ केबल’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तर त्याकडे काणाडोळा करावा. केबलला आवृत्तीचा क्रमांक देण्याची पद्धत परवाना देणाऱ्या संस्थेलाच मान्य नाही. टीव्हीच्या खोक्यावरच्या ‘२.१’चंही तेच. त्या आवृत्तीतल्या जवळजवळ सगळ्या नव्या सुविधा ऐच्छिक आहेत, त्यामुळे १२० हर्ट्झ न घेणारा टीव्हीसुद्धा नियमाने ‘२.१’ म्हणवून घेऊ शकतो. शब्द पाहायचे तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे पाहायचे, आणि पाकिटावरचं क्यूआर कोडचं चकचकीत लेबल फोनवरच्या प्रमाणन ॲपने तपासायचं. मुलाने आणलेल्या केबलच्या पाकिटावर ते होतं आणि खरं निघालं. म्हणजे केबल उत्तम होती, जागा चुकली होती.

आकडे हाताशी असले की निदान किती नेमकं होतं त्याचा एक नमुना. पीएस५मध्ये ‘४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट’ नावाचं सेटिंग आहे: ऑटोमॅटिक, उणे १, उणे २. खाली उतरत गेलं की कन्सोल रंगाची माहिती कमी पाठवतो. उजेड-अंधाराची पूर्ण, पण रंग शेजारच्या ठिपक्यांत वाटून. भिंतीतल्या केबलवर उणे २ केलं तेव्हा काळा पडदा विरळ झाला, पण गेला नाही. त्यावर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवण्याची सोय, बंद केलं आणि तो पूर्ण थांबला. हिशेब पाहा: रंग कमी करून पण एचडीआरसकट ४के ६० हर्ट्झला ११.१४ गिगाबिट लागतात, १०.२ च्या किंचित वर. एचडीआर काढलं की ८.९१, आत. केबल तिच्या पाटीप्रमाणे तंतोतंत वागत होती.

काकांच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. जुन्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या काळात केबल वाईट असली की चित्र मळकट दिसायचं, चांगली लावली की उजळायचं. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोचले तर चित्र जसं पाठवलं तसंच, पोचले नाहीत तर पांढरे ठिपके, मग झटके, मग काळा पडदा. मधली ‘जरा बरी’ अवस्था नाही. म्हणून पोचत असलेल्या केबलच्या जागी दहापट महाग केबल लावून रंग खुलत नाहीत, सोन्याच्या मुलाम्याने तर नाहीच. मुलामा फार तर गंज रोखतो. कोकणातल्या दमट घरात त्याला थोडा अर्थ आहे, पुण्यात तोही बेताचा.

१२० हर्ट्झला मात्र एक वेगळी खोच आहे. १८ गिगाबिटपर्यंतच्या जुन्या पद्धतीत केबलमधल्या तीन जोड्या माहिती नेतात आणि चौथी घड्याळाचा ठोका. नव्या पद्धतीत चौथीलाही माहितीलाच जुंपतात आणि चारी जोड्यांवर वेग ठरवायला दोन्ही टोकं सुरुवातीला आपापसात चाचपणी करतात. वरच्या वेगाला जमलं नाही तर खालच्यावर उतरतात. पीएस५ प्रत्येक जोडीवर कमाल ८ गिगाबिट, एकूण ३२, इतकाच वेग वापरतो. एक्सबॉक्स सिरीज एक्स ४० पर्यंत जातो. चाचपणी फसली की वापरणाऱ्याला कसलीही सूचना येत नाही. गेम चालतो, छान दिसतो, फक्त १२० च्या ऐवजी ६० वर चालतो. कित्येक घरांत लोक वर्षानुवर्षं असेच खेळत असतील आणि त्यांना पत्ताही नसेल.

पर्याय, आणि त्यांतला मला आवडलेला

खरं सांगायचं तर माझं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं: कन्सोल टीव्हीजवळ आणा. खोक्यातली केबल, शून्य खर्च, विषय संपला. तांब्याच्या केबलमध्ये वेग वाढला की प्रत्येक मीटरमागे सिग्नल जास्त खचतो. त्यामुळे प्रमाणित ‘अल्ट्रा हाय स्पीड’ तांब्याची केबल ३ मीटरपर्यंत सहज मिळते, ५ मीटरची शोधावी लागते, आणि १० मीटरची कोणी दाखवली तर ती आत काहीतरी वेगळं असल्याशिवाय शक्य नाही. अंतर हाच शत्रू असेल तर अंतरच काढून टाकावं.

पण काकू ठाम होत्या. फळीवर काळं-पांढरं धूड नको, खाली जमिनीवर नको, आणि युनिटला नवं कपाट तर नकोच, आत्ता कुठे सुताराचा आवाज थांबलाय. बंद कपाटाला तर माझाच विरोध होता. खेळताना पीएस५ दोनशे वॉटच्या आसपास वीज घेतो आणि ती सगळी उष्णता मागून फेकतो. जेवणाच्या टेबलामागचं कपाट जाळीच्या दाराचं होतं, त्या बाबतीत ती जागा चांगली होती.

१० मीटरच ठेवायचे तर काय? मुलाला विचारलं की १२० खरंच हवं का. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि निम्म्याहून अधिक वेळा उत्तर ‘नको’ असं निघतं. फुटबॉलचा गेम ६० चित्रांवर चालतो. कथेचे मोठे गेम ३० किंवा ६० वर. तसं असेल तर १८ गिगाबिटची चांगली केबल पुरते. ज्याला १२० हवं पण ४के नसलं तरी चालेल त्याच्यासाठी अजून एक पळवाट आहे: १०८० रेषांचं चित्र १२० हर्ट्झने पाठवायला ९ गिगाबिटही लागत नाहीत. भिंतीतली जुनी ‘हाय स्पीड’ केबल तेवढं ओढू शकते, साउंडबारने अडवलं नाही तर. आम्ही लावून पाहिलं, चाललं. ५५ इंचावर जवळ बसून ते मऊ दिसतं हे खरं, पण बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ महत्त्वाचा असणारे खेळाडू ते आनंदाने पत्करतात. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२० वर ८.३.

मुलाला दोन्ही हवं होतं, आणि आजीने बारावीच्या निकालाचे दिलेले पैसे शिल्लक होते. तेव्हा उरला ऑप्टिकल केबलचा पर्याय.

ही केबल बाहेरून एचडीएमआयच दिसते. आत चार बारीक काचतंतू मुख्य माहिती प्रकाशातून नेतात, टोकांतल्या चिप विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज करतात, आणि बाकीच्या संथ बोलण्यासाठी थोडं तांबं असतं. चिपना लागणारी वीज त्या एचडीएमआय पोर्टातूनच घेतात. १० मीटर, २० मीटर तिला सारखेच. दोष दोन: किंमत साध्या केबलच्या कैक पट, आणि तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’. उलटी लावली तर काहीही दिसत नाही. भिंतीतून ओढून झाल्यावर हे लक्षात आलं तर काय होईल याची कल्पना करा.

मध्येच एचडीएमआय बूस्टर किंवा लॅन केबलवरून चालणारे एक्स्टेंडर यांचाही विषय निघाला. बाजारात सहज मिळणारे बहुतेक १८ गिगाबिटलाच थांबतात. सोडून दिले.

पाइप

पुढचा सगळा खटाटोप केबलचा नव्हता, पाइपाचा होता.

भिंतीतला पाइप २५ मिलिमीटरचा, इलेक्ट्रिशियनच्या भाषेत एक इंची. आत दोन एचडीएमआय, स्पीकरच्या वायरी आणि एक अँटेनाची केबल. वाटेत दोन वळणं. वळणाला लांब गोलाईचा बेंड घातला की केबल सरकते. काटकोनी एल्बो घातला की अडते. इथे एक बेंड होता आणि एक एल्बो. एचडीएमआयची पिन स्वतः १४ मिलिमीटर रुंद, भोवतीच्या प्लास्टिकसह २० च्या आसपास. प्लास्टरच्या वेळी पाइप रिकामा होता म्हणून तेव्हा ती गेली. आता बाकी वायरींच्या गर्दीत एल्बोतून ती निघेल अशी आशा नव्हती.

म्हणून केबल घेताना आम्ही क्षमतेइतकंच डोक्याकडे पाहिलं. काही ऑप्टिकल केबलींचं एक टोक काढता येतं: आत बारीक मायक्रो एचडीएमआय पिन, तिच्यावर नेहमीच्या आकाराचा जोड नंतर बसवायचा. बारीक टोक एल्बोतून जातं. तशीच, प्रमाणित लेबलाची, १२ मीटरची घेतली. १० च्या मार्गाला १० मीटर घेणं हा वेडेपणा आहे; कपाटात आणि टीव्हीमागे ढिली गोलाई लागते, आणि काचतंतूला तीक्ष्ण घडी चालत नाही.

ओढण्याआधी ती हॉलमध्ये जमिनीवर सरळ पसरली, दोन्ही टोकांना जोडली आणि मुलाला सांगितलं, “खेळ तासभर.” अशी परवानगी त्याला आधी कधी मिळाली नसेल. ४के, १२० हर्ट्झ, एचडीआर, एकदाही झटका नाही. ही पायरी वगळणारे लोक पाहिले आहेत; सदोष केबल भिंतीत गेली की ती बदलून घ्यायची मुदत संपेपर्यंत कोणाचा धीर होत नाही परत ओढायचा.

मग ओळखीचा इलेक्ट्रिशियन आला. त्याने आधी जुनी केबल दोन्ही बाजूंनी हलवून पाहिली. ती हलत होती, म्हणजे आत सिमेंट गेलेलं नव्हतं. नसती हलली तर बेत बदलून कपाटाच्या कडेने आणि पायपट्टीवरून केसिंग पट्टी मारायची हे आधीच ठरलं होतं, काकूंच्या नाखुशीसह. जुन्या केबलचं डोकं कापलं, तिला नायलॉनची दोरी पक्की बांधली, वर चिकटपट्टी गुंडाळून गाठ निमुळती केली आणि केबल टीव्हीकडून कपाटाकडे ओढून घेतली. मागोमाग दोरी आत आली. दोरीला आधी दुसरी दोरी बांधली, जी पाइपात कायमची राहिली, आणि मग नवी केबल. “दादा, कुठलं टोक कुठे?” त्याने विचारलं. ते जमिनीवरच्या चाचणीच्या वेळीच दोन रंगांच्या चिकटपट्टीने खुणावलं होतं. ओढताना पिनेला बांधायचं नाही, आवरणाला बांधायचं. ओढ आवरणाने सोसायची असते. एल्बोपाशी ती अडली, थोडी मागे घेऊन फिरवल्यावर सुटली.

पाइपात राहिलेली ती दोरी मला त्या दिवशीच्या केबलपेक्षा महत्त्वाची वाटते. जानेवारी २०२५ मध्ये एचडीएमआय २.२ जाहीर झालं, ९६ गिगाबिटचं. आज पुरतं ते उद्या पुरणार नाही हे गृहीत धरूनच भिंत फोडावी. नवं घर करणाऱ्यांना माझं सांगणं असतं की केबल कुठली घालू हे विचारू नका. टीव्हीच्या जागी एक स्वतंत्र, रिकामा, शक्य तर दीड इंची पाइप, सगळे बेंड लांब, एल्बो एकही नाही, आणि आत दोरी. काकांनी लगेच बेडरूमचा विषय काढला, तिथलं काम बाकी होतं. तिथे तसंच झालं.

शेवटची मांडणी

कन्सोल कपाटात, ऑप्टिकल केबलने थेट टीव्हीच्या चौथ्या पोर्टात. साउंडबार मधून काढला आणि टीव्हीच्या तिसऱ्या, ईआर्क पोर्टाला जोडला. आवाज टीव्हीतून खाली येतो. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरून येतोय असा वाटणारा आवाज, तोसुद्धा ईआर्कवरून जातो, आणि पीएस५ला ती सोय २०२३ मध्ये मिळालेलीच आहे. साउंडबारसाठी केबल लागली ती मुलाने आधी आणलेली ३ मीटरची. त्या कामाला ती गरजेपेक्षा कितीतरी वरची आहे, पण पैसे वाया गेले हा काकांचा सल गेला. कन्सोलमध्ये ट्रान्सफर रेट परत ऑटोमॅटिक, १२० हर्ट्झ ऑटोमॅटिक, आणि गेम प्रीसेटमध्ये ‘परफॉर्मन्स मोड’. हा शेवटचा बदल विसरला जातो आणि मग सगळी जोडणी बरोबर असून गेम ६० वरच राहतो.

एक तक्रार उरली आहे. एका गेममध्ये अंधाऱ्या बोगद्यात पडदा हलकेच लुकलुकतो. मुलाला वाटलं पुन्हा केबल. नाही, व्हीआरआर, म्हणजे गेमच्या वेगाप्रमाणे टीव्हीने आपला वेग बदलत राहणं, चालू असताना ओएलईडी पडद्यांवर गडद छटांची उजळी किंचित खालीवर होते. केबल बदलून ते जाणार नाही. त्या गेमपुरतं व्हीआरआर बंद करून तो खेळतो.